स्क्रीनवर कचरा नको

आमच्या मालकांना रिकामी जागा सहन होत नाही. ऑफिसच्या भिंतीवर वीतभर मोकळं दिसलं की ते तिथे कॅलेंडर लावतात. कॅलेंडर संपली की स्वतःच्या सत्काराचे फोटो लावतात, आणि त्यांचे सत्कार फार होतात. तरुणपणी ते कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका तालीम मंडळाकडून फुटबॉल खेळायचे. अजूनही चहा पिताना त्यांचा डावा पाय टेबलाखाली हलत असतो. ज्या माणसाची उभी जवानी मोकळी जागा शोधून पास घेण्यात गेली, त्याला मोकळ्या जागेचा उपयोग मी दोन वर्षं समजावून सांगितला. कळला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. त्यावर ते खूश होऊन हसले. मी त्यांच्या खेळाचं कौतुक करते आहे असं त्यांना वाटलं.

कंपनी उचगावात, एका बंद पडलेल्या बेकरीच्या माडीवर. कंपनी म्हणजे आम्ही सात जण आणि एक जिना. फौंड्र्यांसाठी आम्ही एक निळी पेटी बनवतो. भट्टीच्या तोंडाशी सेन्सर बसवलेला असतो, तो वितळलेल्या लोखंडाचं तापमान मोजतो आणि पेटी ते दर सेकंदाला लिहून ठेवते. त्या वितळलेल्या लोखंडाला फौंड्रीत रस म्हणतात. रस पुरेसा तापलेला नसताना साच्यात ओतला तर माल खराब निघतो. मग कुणाच्या हातून, कधी, किती वाजता हे झालं यावर भांडण होतं, आणि त्या भांडणात दाखवायला पेटी लागते. पेटीचा खरा उपयोग एवढाच. आमच्या माहितीपत्रकात त्याला गुणवत्तेचा प्रवास असं काहीतरी म्हटलंय. ते मालकांनी स्वतः लिहिलंय.

पेटीच्या आतला प्रोग्रॅम मी लिहिते. आमच्या पेठेत शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, तू नेमकं करतीस तरी काय. मी खरं ते सांगितलं, की मी मेमरीतला कचरा काढते. काकू म्हणाल्या, ‘‘इंजिनेर होऊन शेवटी हेच व्हय.’’ तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं कुणीच बोललेलं नाही.

कचरा काढणं हे आमच्या धंद्यातलं रीतसर नाव आहे, मी गमतीने म्हणत नाही. मोबाईलमध्ये, पेन ड्राईव्हमध्ये आणि आमच्या पेटीत जी फ्लॅश मेमरी असते तिला एक खोड आहे. शाळेतल्या पाट्यांची चळत डोळ्यांसमोर आणा. पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण एकेक ओळ पुसता येत नाही. फडकं फिरवलं की अख्खी पाटी कोरी होते. समजा एका पाटीवरच्या साठ ओळी आता नकोत आणि चार अजून हव्यात. तर त्या चार आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायच्या आणि मग ही पुसायची. त्यात पाटी ठराविक वेळाच पुसता येते, नंतर ती झिजून निकामी होते. म्हणजे जितकी उतरवाउतरव कमी तितकं बरं. यावर जगभर माणसं डोकं खाजवत बसलेली आहेत आणि त्यातली मी एक.

यात अक्कल लागते ती पाटी निवडताना. जिच्यावर हव्या असलेल्या ओळी सर्वांत कमी, ती आधी पुसायची. त्याहून जास्त अक्कल लागते ती लिहिताना. आज लिहून उद्या टाकायचं ते एका पाटीवर आणि वर्षभर ठेवायचं ते दुसऱ्या पाटीवर लिहिलं, तर पहिली पाटी आपोआप सगळीच्या सगळी नकोशी होते आणि काही न उतरवता पुसता येते. पण हातात चार कोऱ्या पाट्या कायम शिल्लक असल्या पाहिजेत. आणि पुसायचं काम कुणी लिहीत नसताना उरकलं पाहिजे, नाहीतर लिहिणाऱ्याला पेन्सिल हातात धरून थांबावं लागतं. घरातली कुठलीही बाई हे स्वयंपाकघरात रोज करते. आम्ही त्यावर परिषदा भरवतो.

मी पाचवा हिस्सा पाट्या कोऱ्या ठेवल्या होत्या. मालकांना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा कुणीतरी त्यांच्या घरातली खोली परस्पर बंद केल्यासारखा झाला.

‘‘पाचवा हिस्सा रिकामा?’’ ते म्हणाले. ‘‘ठेवून काय पूजा करायची हाय व्हय? वापरा की सगळी.’’

मी म्हटलं, मोकळी जागा नसली तर पेटी मध्येच अडकेल.

‘‘किती अडकंल?’’

‘‘कधी पाच सेकंद. कधी मिनिट. भरत जाईल तशी जास्त.’’

‘‘मॅडम, एका मिनिटात काय जग बुडतंय?’’

मी अर्धा तास वाद घातला आणि शेपूट घातली. नावाला थोड्या पाट्या कोऱ्या ठेवल्या आणि बाकीची सगळी जागा मालकांच्या माहितीपत्रकातल्या साठवणीच्या आकड्याला वाहून टाकली. टिकणारं आणि न टिकणारं वेगळ्या पाट्यांवर लिहायचं तेही राहिलं, कारण त्याला आणखी दोन महिने लागले असते आणि मालकांनी प्रदर्शनाची तारीख सांगून टाकली होती. मात्र एक गोष्ट मी चोख केली, निदान तेव्हा मला तसं वाटलं. भट्टी थंड झाली की पेटीने ओळखायचं, की आता काम नाही, आणि सगळा कचरा त्या वेळात काढून टाकायचा. सकाळी भट्टी पेटेपर्यंत पाट्या कोऱ्या. मला याचा फार अभिमान होता. परदेशातल्या कुणाकुणाचे लेख वाचून मी ते उभं केलं होतं.

मग कचरा या शब्दाची गोष्ट. पेटी साफसफाई करत असली की तिच्या छोट्या स्क्रीनवर ‘कचरा काढणे चालू’ असं यायचं आणि तेच वाक्य वेळेसकट नोंदीतही पडायचं. एका गिऱ्हाईकाने ते वाचलं आणि मालकांना विचारलं, की नव्या पेटीत कचरा कसा आला. मालक धापा टाकत माडी चढून माझ्याकडे आले.

‘‘ते कचरा काढा आधी तिथनं.’’

‘‘सफाई चालू, असं करू?’’

‘‘सफाई कशाला? घाण हाय म्हणूनच सफाई की. कायबी दावू नका. गप आपलं चालू दे आत.’’

स्क्रीनवरचा शब्द आणि नोंदीतला शब्द दोन्ही एकाच जागेवरून जात होते. स्क्रीनवरचा काढून नोंदीतला ठेवायचा तर दीड-दोन तासांचं काम होतं. दोन्ही उडवायचे तर पाच मिनिटांचं. त्या दिवशी माझ्याकडे गॅस शेगडी दुरुस्त करणारा येणार होता. मी दोन्ही उडवले आणि घरी गेले. मालकांना मी मूर्ख म्हणते, आणि ते आहेतच, पण नोंद उडवा असं ते म्हणाले नव्हते. त्यांना नोंद म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक फौंड्री आमचं गिऱ्हाईक आहे. पंचतारांकित हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही. तिथे हॉटेल समजून कुणी पावणा उतरला तर पहिल्या दिवशी नाकातून काळं निघेल. या फौंड्रीने पाठवलेला ट्रॅक्टरच्या भागांचा एक अख्खा लॉट तिच्या गिऱ्हाईकाने परत पाठवला. माल आतून सच्छिद्र निघाला होता. मग पेटी उघडली. ज्या ओतकामाबद्दल शंका होती, नेमकं त्याच्या मधोमध एक मिनिट चाळीस सेकंदांचं तापमान पेटीत नव्हतंच. आधीचं होतं, नंतरचं होतं, मधलं नाही. आम्हाला बोलावणं आलं.

गाडी मालक चालवत होते. हायवेला लागल्यावर म्हणाले, ‘‘आपली पेटी ठीक हाय, एवढंच सांगायचं. बाकीचं त्यांचं घरातलं भांडाण.’’

मॅनेजरच्या केबिनमध्ये एसी इतका होता की माझ्या हातावर काटा आला. मॅनेजर पस्तिशीचा, पुण्यात शिकलेला, बोलताना दर वाक्यात डेटा म्हणणारा. ज्याला डेटा कुठून येतो हे माहीत नसतं त्याचा डेटावर फार विश्वास असतो, हे मी आजवर बघत आलेय. टेबलापलीकडे खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी भट्टीवरचा माणूस उभाच होता. त्याला बसा असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. पंचेचाळिशीचा, अंगाने बारीक, भट्टीसमोर उभं राहून राहून गालांची कातडी जरा भाजल्यासारखी. राहायला उचगावातच, आमच्या ऑफिसच्या मागच्या वस्तीत. मी त्याला सायकलवरून जाताना पाहिलेलं होतं.

‘‘सिंपल आहे, मॅडम,’’ मॅनेजर म्हणाला. ‘‘रस थंड होता, याला कळलं, याने पेटीची तार काढली, ओतून झाल्यावर परत लावली. डेटा खोटं बोलत नाही.’’

‘‘मी हात बी लावलो न्हाय,’’ भट्टीवाला म्हणाला. ‘‘रस तापला हुता. माझ्या डोळ्याला कळतंय की.’’

‘‘डोळ्याला कळतं तर पेटी कशाला घेतली आम्ही?’’ मॅनेजर म्हणाला आणि आमच्या मालकांकडे बघून हसला. मालकही हसले. मग मॅनेजर आवाज जरा खाली आणून मला म्हणाला, ‘‘जयंतीला दोन दिवस गायब होता हा. सांगून गेला म्हणे. ही माणसं अशीच.’’

सांगून गेला, आणि गायब होता, हे दोन्ही एकाच श्वासात. मॅनेजरच्या मागे गणपतीतल्या त्याच्या मंडळाचा फोटो होता, त्यात तो फेटा बांधून पाच दिवसांच्या सुट्टीचं हसू हसत होता. ही माणसं म्हणजे कोणती माणसं हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. केबिनमधल्या सगळ्यांना ते कळलं होतं, उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत आधी. मला मॅनेजरची किळस आली. पण किळस यायला काही लागत नाही, ती बसल्या जागी येते.

मी लॅपटॉप जोडला आणि नोंदी उघडल्या. मला एक मिनिटही लागलं नाही. पेटीची तार काढून परत लावली तर ती नव्याने सुरू होते आणि ‘पेटी चालू झाली’ अशी नोंद स्वतःहून करते. त्या वेळेची तशी नोंद नव्हती. तार कुणीही काढली नव्हती. पेटी त्या वेळी जागीच होती, पण ती पाट्या पुसत बसली होती. आत एक मोजणी चालते, कुठली पाटी कितव्यांदा पुसली याची. तिथे नेमक्या त्याच मिनिटात आकडे पुढे सरकलेले दिसत होते. चळत गच्च भरलेली, प्रत्येक पाटीवर नको असलेल्या ओळी एक-दोनच, त्यामुळे एक कोरी पाटी मिळवायला तिने चाळीसेक पाट्यांची उतरवाउतरव केली होती. आणि तसं करत असल्याचं ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण तिची ती ओळ मी काढून टाकली होती.

मी मान वर केली. मालक माझ्याकडे बघत होते, मॅनेजर बघत होता, भट्टीवाला बघत होता. त्याची नोकरी माझ्या एका वाक्यावर होती आणि ते वाक्य माझ्या समोर स्क्रीनवर तयार होतं.

‘‘तपासून सांगावं लागेल,’’ मी म्हटलं. ‘‘मेमरीची कॉपी घेऊन जाते.’’

कुणाला उत्तर द्यायचं नसलं की शिकलेली माणसं तपासून सांगतात.

एक गोष्ट मात्र मला खरंच कळत नव्हती. भट्टी थंड असताना कचरा काढायचं मी ठरवून दिलं होतं. मग पाट्या एवढ्या भरल्या कशा? मालक शेजारच्या कारखान्यात दुसरं गिऱ्हाईक गाठायला गेले. मी पाळी सुटेपर्यंत भट्टीपाशी थांबले आणि भट्टीवाल्याला म्हटलं, जाताना रोज जे करता ते सगळं माझ्यासमोर करा.

भट्टी गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाची वेगळी लाईन सोडून त्याने एकेक बटण बंद केलं. सेन्सरची काच पुसून त्यावर टोपी घातली. मग बोर्डापाशी जाऊन मेन पाडला. खटका खाली आला आणि माझ्या पेटीचा हिरवा दिवा विझला. त्याने बोर्डाला हात लावून तो छातीला लावला आणि डबा उचलला.

‘‘रोज मेन पाडता?’’

‘‘चौदा वरसं झाली. मेन पाडल्याबिगर गेलो न्हाय कधी.’’ तो हे अभिमानाने सांगत होता. ‘‘आगीची भीती. सुट्टीच्या दिशी तर लाईनच देत न्हाईत हितं.’’

‘‘अहो, पेटी चालू ठेवायची असते. पुस्तिकेत लिहिलंय.’’

‘‘कसली पुस्तिका?’’

पुस्तिका मॅनेजरच्या कपाटात होती. इंग्रजीत होती. मी लिहिली होती.

मी तिथे लोखंडी बाकावर बसून राहिले. ज्यांचे लेख वाचून मी हे सगळं उभं केलं त्यांची यंत्रं कधी बंदच होत नाहीत. काम नसलं तरी त्यांना वीज असते, म्हणून ती मोकळ्या वेळात कचरा काढतात. आणि मी कुठली? आमच्या घरी दोन दिवस गावाला जायचं म्हटलं तरी आई कुलूप लावण्याआधी मेन पाडते, आणि पाडला की नाही ते बघायला एस.टी. स्टँडवरून मला परत पाठवते. या जिल्ह्यात वर्कशॉप बंद करणारा प्रत्येक माणूस हेच करतो. हे मला जन्मापासून माहीत होतं. प्रोग्रॅम लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण तेव्हा मी कोल्हापूरची नव्हते, मी इंजिनिअर होते. इथे काम थांबलं की वीज थांबते. म्हणजे माझ्या पेटीला पुसायची सवडच नव्हती; जागा संपली की भट्टी पेटलेली असतानाच पुसावं लागायचं, आणि या वेळी ती नेमकी ओतताना संपली. काळजीने मेन पाडणारा माणूस जितका चोख, तितकी ती जास्त तुंबणार. निष्काळजी माणसाच्या भट्टीवर हे कधीच झालं नसतं.

परत येताना मालकांना मी गाडीतच सगळं सांगितलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

‘‘बाकीच्या फौंड्र्यांत बी असंच हाय?’’

‘‘सगळीकडे.’’

‘‘मग गप बसा दोन-चार दिवस. तपासणी चालू हाय म्हणा. आधी दुरुस्त करा, मग बोलू. न्हायतर सगळी गिऱ्हाइकं बोंबलत येतील.’’

मी गप बसले. चार नाही, आठ दिवस. आणि या आठ दिवसांची मला सर्वांत जास्त लाज वाटते, कारण ते फार छान गेले. मी पूर्वी अर्धवट सोडलेलं सगळं पुरं केलं. सेकंदासेकंदाचं तापमान वेगळ्या पाट्यांवर आणि ओतकामाचा कायमचा हिशेब वेगळ्या पाट्यांवर लिहायला लावलं. पाचवा हिस्सा कोरा ठेवला आणि मालकांनी तोंडातून शब्द काढला नाही. मोकळ्या वेळेची वाट बघणं सोडून दिलं, त्याऐवजी दर वेळी लिहिता लिहिता एखाददुसरी ओळ उतरवायची, म्हणजे काम कधी साठतच नाही. आधी जिथे पावणेदोन मिनिटं पेटी अडकायची तिथे आता अडकल्याचं कळतही नव्हतं. नोंदीतली ओळही मी परत घातली. मी शिट्टी वाजवत डबा खात होते. खिडकीतून मागची वस्ती दिसायची. भट्टीवाल्याची सायकल दिसत नव्हती, ते माझ्या लक्षातही आलं होतं, आणि मी ते मनाच्या एका कोपऱ्यात सारून पुढची ओळ लिहायला घेतली होती.

नवव्या दिवशी मी अहवाल छापला. त्यात स्पष्ट लिहिलं, की तार काढलेली नाही, खंड पेटीच्या आतल्या कामामुळे पडला, दोष आमचा. मालकांनी वाचला, पाय हलवला आणि म्हणाले, ‘‘दोष या शब्दाच्या जागी दुसरं काय बसतंय का बघा.’’ मी म्हटलं, बसत नाही. आता दुरुस्त पेटी हातात होती म्हणून त्यांनी ताणलं नाही. आम्ही कागलला गेलो.

मॅनेजरने अहवाल वरवर चाळला आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. फुलस्केपवर हाताने लिहिलेला माफीनामा होता. मी पेटीची तार काढली, माझी चूक झाली, पुन्हा असं करणार नाही. खाली सही. अक्षर वळणदार होतं, तार या शब्दापाशी पेन एकदा थांबल्यासारखं दिसत होतं. तारीख पाचव्या दिवसाची.

‘‘त्याने तर कबूल केलंय,’’ मॅनेजर म्हणाला.

‘‘पण तार काढलेलीच नाही. हे बघा, त्या वेळी पेटी चालू झाल्याची नोंदच नाही.’’

‘‘मग कबूल कशाला केलं?’’

‘‘तुम्ही काय सांगितलं होतं त्याला?’’

‘‘मी एवढंच म्हटलं, की लिहून दिलंस तर कामावर राहशील, नाहीतर गेटबाहेर.’’ हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

त्याने भट्टीवाल्याला बोलावून घेतलं. तो आला आणि परत उभाच राहिला. अंगावर राखाडी धूळ, भुवयांवरसुद्धा. त्याला फेटलिंगला टाकलं होतं. ओतून गार झालेल्या मालाच्या कडा घासायचा तो विभाग. भट्टीवर चौदा वर्षं काढलेल्या माणसाला तिथे टाकणं म्हणजे सगळ्या फौंड्रीला दाखवून टाकणं. मी खुर्ची ओढून त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही.

मॅनेजर म्हणाला, ‘‘मॅडम म्हणतात, तू तार काढली नव्हतीस.’’

‘‘न्हवतीच काढली.’’

‘‘मग खोटं लिहून कशाला दिलंस?’’

भट्टीवाल्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मॅनेजर आमच्या मालकांकडे वळला, दोन समजूतदार माणसं बोलतात तशा सुरात.

‘‘हाच प्रॉब्लेम आहे. उद्या हा काहीही लिहून देईल. खोट्यावर सही करणारा माणूस भट्टीवर कसा ठेवायचा? पेटी तुम्ही बदलून द्या, तो विषय संपला. याला राहू दे तिथेच.’’

‘‘बरोबर हाय,’’ आमचे मालक म्हणाले. ‘‘पेटी उद्याच बदलतो.’’

मी बोलले. बरंच बोलले. हा अन्याय आहे, तुम्हीच लिहून घेतलंत, मी हे वरपर्यंत लेखी कळवीन. मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकलं आणि अहवालाची एक प्रत फाइलला लावली, माफीनाम्याच्या मागे. मी नंतर खरंच लेखी कळवलं. फौंड्रीच्या मालकांकडून पत्र मिळाल्याची पोच आली. पुढे काही झालं नाही. भट्टीवर आता मॅनेजरच्या गावचा कुणीतरी आहे.

त्या दिवशी निघताना मी फेटलिंगला गेले. आवाज इतका होता की बोलायला त्याला मशीन बंद करून बाहेर भिंतीपाशी यावं लागलं. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं हे, मला माफ करा. पेटीत काय बिघडलं होतं ते मी त्याला सगळं समजावून सांगायला लागले. पाट्या, ओळी, मेन पाडल्यावर काय होतं, सगळं. त्याने ते लक्ष देऊन ऐकलं. मॅनेजरपेक्षा आणि आमच्या मालकांपेक्षा त्याला ते लवकर कळलं, हेही मला दिसलं.

‘‘म्हंजी पेटीला सवड न्हवती,’’ तो म्हणाला.

‘‘नव्हती.’’

‘‘पेटीचं ऱ्हाऊ दे, ताई. ती मशीन हाय.’’ त्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. ‘‘पयल्या दिशी तुमी कॉम्पुटर उघडलासा, तवा मी तुमच्या तोंडाकडंच बघालतो. तुमाला तवाच कळलं न्हवं?’’

‘‘व्हय,’’ मी म्हटलं.

त्याने मान हलवली, फडकं परत तोंडावर बांधलं आणि आत जाऊन मशीन सुरू केलं.